बोराटी आणि बांधभाऊ

लातूरच्या त्या सभागृहात एसी इतका जोरात होता की पर्यावरणाची काळजी करायला आलेली माणसं शाल पांघरून बसली होती. व्यासपीठावर प्लास्टिकची फुलं, पाहुण्यांपुढे प्लास्टिकच्या बाटल्या आणि पडद्यावर युरोपातलं एक हिरवंगार झुडूप. हेझलनटचं. पुण्याहून आलेले तज्ज्ञ सांगत होते की तिकडचे शेतकरी शेताच्या कडेला ही झुडपं लावतात, काही वर्षांनी जमिनीलगत छाटतात, मग बुडातून दाट फुटवे येतात आणि त्या दाटीत पाखरं, खारी, रानउंदीर सुखानं नांदतात. हेझलनट म्हणजे महागड्या चॉकलेटात असतं ते, एवढंच सभागृहाला ठाऊक. तरी माना सगळ्यांच्या हलत होत्या.

रेणापूरकडचे एक शेतकरी उठले. "सर, हे आपल्याकडं येईल का?"

"प्रश्न झाडाचा नाही, संकल्पनेचा आहे."

"न्हाई, पण झाड येईल का?"

तज्ज्ञ पाणी प्याले.

मग मी उठले. मी नांदेडच्या एका छोट्या मंडळात काम करते. माळरानं वाचवा, झुडपं वाचवा म्हणून पत्रकं काढते, चौकात वाटते, आणि लोक त्यात भजी बांधून नेतात. मी म्हटलं, "आमच्याकडं बोराटी आहे. बोराची बुटकी, काटेरी जात. लातूर ते नांदेड कुठल्याही माळावर बघा. तोडली की बुडातून दुप्पट फुटते. तित्तिर तिच्याखाली अंडी घालते, ससा तिच्यात दडतो, कोल्हा तिची बोरं खातो. त्यासाठी युरोपात कशाला जायचं?"

"ताई, तिला काटे असतात," तज्ज्ञ समजुतीनं म्हणाले. "उद्यानात लहान मुलं येतात."

उद्यान! विषय रानातल्या जिवांच्या घराचा आणि यांच्या डोक्यात घसरगुंडी. काटा आहे म्हणूनच तर कुत्रं आत शिरत नाही आणि पाखरू वाचतं. निघताना प्रत्येकाला एक रोप भेट मिळालं. शोभेच्या पामचं. मी ते बसस्टँडवरच्या रसवंतीवाल्याला दिलं आणि ठरवलं की आता भाषण पुरे, लावून दाखवायचं.

लावायला जमीन होती काकांची. लोहा गावाजवळ, कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. आजोबांनी मुदखेडला रेल्वेत राबून घेतलेली. तिच्या उत्तरेच्या बांधाला गावातल्या सगळ्यात मोठ्या घराण्याचं शेत लागून आहे. ज्याचं शेत आपल्या शेताला लागून, तो बांधभाऊ. आमच्या बांधभाऊचा एक नेम होता. दर उन्हाळ्यात नांगरट करताना त्याचा ट्रॅक्टर बांधाचा एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, खायचा. जास्त नाही, एकच. भांडायला गेलं तर माणूस हसून म्हणणार, "अरे, ड्रायव्हरचा हात हलला असंल." दरवर्षी हात हलायचा, आणि दरवर्षी आमच्याच बाजूला. आजोबांच्या वेळी त्या बांधावरून बैलगाडी जायची. आता त्यावरून चालणं म्हणजे तारेवरची कसरत. हाच माणूस पावसाळ्यात गावच्या वृक्षारोपणाचा अध्यक्ष. दरवर्षी खड्डा तोच, फोटो नवा.

काका त्याला जुन्या सवयीनं 'मालक' म्हणतात. काकी 'भाऊ' म्हणते, तेही दातातून. आमच्या वस्तीवर त्याला तोंडावर एवढं बोलणारी ती एकटीच.

मी बोरांच्या बियांची पिशवी घेऊन गेले तेव्हा काका कपाळाला हात लावून म्हणाले, "नांदेडात शिकून काटे पेरायला आली का गं?"

मी त्यांना जैवविविधता सांगितली. परागीभवन सांगितलं. काकी निवडत असलेल्या तुरीतून मान वर न करता बोलली, "ते राहू दे. नांगराला आडवं येतं का?"

"येतं काकी. मुळ्या लई खोल जातात."

"मग लाव."

पहिल्या पावसात बिया टोकल्या. मधे मधे पिवळ्या फुलांचं झुडूप, तरवड लावला. शेळ्या वळवता वळवता काकीनं गावभर भांडणं केली. चार वर्षांत झुडपं कमरेच्या वर गेली. तित्तिराची आरोळी यायला लागली. खाटीक पक्षी नाकतोडे काट्याला टोचून ठेवायला लागला. आणि ट्रॅक्टर झुडपापासून हातभर लांबून वळायला लागला. ड्रायव्हरचा हात बरा झाला!

आता छाटणी करायला हवी होती. न छाटता सोडली की बोराटी वर वर जाते आणि बुडाशी उघडी पडते. तित्तिराला हवी असते बुडाशी दाटी. एका वर्षी बांधाचा एक तृतीयांश भाग, पुढच्या वर्षी त्याच्या पुढचा, म्हणजे जिवांना कायम कुठंतरी आडोसा राहतो. बोरं संपली की आणि अंडी घालायच्या आधी. हे सगळं मी काकीला सांगितलं.

"भिंत पाडू मंतीस?"

"पाडायची नाही. पुन्हा दाट येण्यासाठी छाटायची."

"आन् तोवर त्याचा ट्रॅक्टर काय माझ्या तोंडाकडं बघत बसंल?"

"काकी, तित्तिराला दाटी लागते."

"तित्तिराला मनाव बांध राखून दे, मग देते दाटी."

मला राग आला. पण ज्या बाईच्या जमिनीचा तुकडा दरवर्षी दुसऱ्याच्या पोटात चाललाय, तिला मी कुठल्या तोंडानं पाखरांचे हक्क शिकवणार? मी कोयता ठेवून दिला.

तिकडे बांधभाऊनं गावात सुरू केलं की बोराटीत रानडुकरं राहतात. गावातली डुकरं आधी कुठं राहत होती, हे कुणी विचारलं नाही. मग एका उन्हाळ्यात त्यानं स्वतःच्या रानातली धसकटं पेटवली आणि वारा आमच्या बाजूला होता. वाराही त्याच्याच घराण्याचा असावा.

मी नांदेडहून आले तेव्हा बांधभर काळे खुंट उभे होते. मध्यावर, एका बुडाशी, तित्तिराची अंडी होती. तडकलेली, काळी. मी तिथंच बसून मोबाइलवर पत्रक लिहायला घेतलं. मथळा: 'ही आग नाही, हा दरोडा आहे'.

काकी म्हणाली, "कुणाला वाटतीस? त्यालाच का?"

आठवडा जायच्या आत ट्रॅक्टर आला. आता आडवं काहीच नव्हतं. काकी बांधावर जाऊन उभी राहिली, तिच्या मागं मी. ड्रायव्हर ओरडला, "वैनी, सरका, चुकून लागंल!"

"तुझा हात हलतो, मला ठाऊक हाय. हलव."

त्यानं इंजिन बंद केलं आणि फोन लावला. बांधभाऊ मोटारसायकलवर आला. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, तोंडात समजूत.

"वैनी, वाऱ्याला कोण काय करणार? जळालंच हाय तर खुंटं काढून देतो. बांध साफ होईल. तुम्ही एक पैसा देऊ नका."

"जळालं कुठं भाऊ?" काकी म्हणाली. "छाटून दिलं तुम्ही. ही पोरगी दोन वर्षं झाली मागं लागली होती, छाटल्याबिगर दाट येत न्हाई मनून. मीच अडानी, ऐकलं न्हाई. तुमी आमच्यासाठी लई तकलीफ घेतली."

ड्रायव्हर खाली बघून हसला. बांधभाऊ हसला नाही. "बरं, बघू," म्हणत गाडी वळवून गेला. 'बघू' म्हणजे पाऊस पडून काहीच उगवलं नाही तर ट्रॅक्टर पुन्हा येणार. पाऊस होईपर्यंत काकी रोज त्या बांधावर डबा खाऊन आली, भर उन्हात, खुंटांच्या मधे. मला म्हणायची, "उगवंल ना गं?" मी 'हाव' म्हणायचे. एवढी भीती मला कुठल्या मोर्चात वाटली नाही.

उगवली. एकेका खुंटाला मूठभर फुटवे. दोन पावसाळ्यांत बांध असा दाटला की मुंगसाची शेपटी तेवढी आत जाताना दिसायची. त्या हिवाळ्याच्या शेवटी काकीनंच कोयता माझ्या हातात दिला. "तिसराच भाग. एक फांदी जास्त तोडलीस तर नांदेडला चालत धाडीन." छाटलेल्या काट्यांचा ढीग आम्ही शेताच्या टोकाला रचला.

त्याच उन्हाळ्यात बांधभाऊनं टरबूज लावलं आणि डुकरं त्याच्यावर पडली. कुंपणाला काटे हवेत, तर गावातले बांध जाळून जाळून झाडल्यासारखे स्वच्छ. काटा होता तो आमच्याकडं. त्यानं ड्रायव्हरला ट्रॉली घेऊन पाठवलं. काकीनं ट्रॉली रिकामी परत पाठवली. "मालकाला पाठव."

दुसऱ्या दिवशी तो आला. शेतातल्या आखाड्यापाशी, म्हणजे आमच्या छपरापाशी, काका खाट ओढायला धावले. "बसा मालक."

"बसायला येळ कुठं हाय त्यायला," काकी म्हणाली. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आत्ताच पिऊन आलो."

आमच्याकडं येणारी ही माणसं नेहमी आत्ताच पिऊन आलेली असतात. काकीनं तांब्या त्याच्या समोर जमिनीवर ठेवला, उचलला नाही.

"काटे पाहिजे होते वैनी. जरासे."

"न्या की. हातानं भरा मात्र. आमची माणसं तुरीची धसकटं येचायलीत."

त्यानं ढिगाकडं पाहिलं आणि जवळचा रस्ता म्हणून सरळ बांधावर पाय टाकला.

"तिकडून न्हाई," काकी म्हणाली. "पुढं तित्तिर बसलीय अंड्यावर. खालून, वढ्याकडून फिरून या."

"लई लांब पडतं की हो."

"हाव," काकी म्हणाली. "लांबच हाय."

त्यानं पाय मागं घेतला आणि ओढ्याच्या वाटेला लागला.