शहादेव कंट्रोलरचं चूलबंद आवतण

केजच्या बसस्थानकातून शहादेव कंट्रोलर निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि हातातला माइक तेवढा काढून घेतला. शाल पेटीत गेली, नारळाची चटणी झाली. माइक मात्र त्यांच्या मनातून काही गेला नाही.

कौशल्याबाईंना वाटलं होतं, आता नवरा घरी बसेल, जरा शांतता होईल. पण ज्यानं अर्धं आयुष्य गाड्या पुकारल्या, त्याला भाजी मागायचीसुद्धा पुकारूनच येते. ओसरीवर ताट घेऊन बसले की शहादेव आत आवाज द्यायचे, "वांग्याची भाजी, वांग्याची भाजी, थोड्याच वेळात येत आहे काय?" आणि भिंतीपलीकडून शेजारची छबुबाई म्हणायची, "उशिरानं धावतीय, भाऊजी."

स्थानकात लोक त्यांचं ऐकायचे, कारण नाही ऐकलं तर गाडी चुकायची. घरात कुणाची गाडी चुकत नव्हती. औरंगाबादला असलेला मुलगा फोनवर नुसता 'हं, हं' करायचा. मग शहादेव रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून स्थानकासमोरच्या प्रविणच्या नेट कॅफेत जाऊन बसू लागले. तिथं पंखा होता आणि चार माणसं होती.

प्रविण एक दिवस म्हणाला, "काका, तुमी ब्लॉग काढा. आजकाल ज्याचं घरात कुणी ऐकत न्हाई, तो ब्लॉगच काढतो."

शहादेवांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

ब्लॉगचं उद्घाटन रीतीनं झालं. कॅफेच्या उंबऱ्यावर नारळ फुटला, पेढे वाटले, आणि शहादेवांनी कॉम्प्युटरच्या पडद्याला कुंकवाचं बोट लावलं. ते कुंकू नंतर कशानंच निघेना. पुढं त्या कॉम्प्युटरवर जो कुणी दहावीचा निकाल पाहायला बसला, त्याला आपल्या गणिताच्या मार्कांवर लाल डाग दिसायचा आणि पोरगं तिथंच घाम पुसायचं.

रात्री जेवताना कौशल्याबाईंची शिकवणी सुरू झाली.

"ब्लॉग म्हणजे आपली सोताची जागा," शहादेव म्हणाले. "भाडं न्हाई, सातबारा न्हाई."

"मग नावावर कुणाच्या हाय?"

"अमेरिकेत एक कंपनी हाय, तिच्या."

"म्हंजे आपली न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या आणि भाकरी वाढली.

पण हळूहळू त्यांना सगळं कळत गेलं. आपण लिहून टाकलं की ती पोस्ट. लिहिता लिहिता अर्धं ठेवलं तर तो ड्राफ्ट, म्हणजे भिजवून झाकून ठेवलेलं पीठ. केजमध्ये वीज जायची वेळ ठरलेली होती आणि शहादेवांची लिहायची वेळही नेमकी तीच होती, त्यामुळे ड्राफ्ट फार व्हायचे, काही तर पिठासकट जायचे. जुन्या पोस्टी आपोआप जिथं जाऊन पडतात ते आर्काइव्ह, म्हणजे घरातला माळा. ठेवलं सगळं असतं, वर चढून बघत कुणी नाही. टेम्प्लेट म्हणजे भिंतीचा रंग. तो शहादेव आठवड्याला बदलायचे. घरची भिंत मात्र मुलाच्या लग्नापासून तशीच होती. कोणती पोस्ट कशाबद्दल आहे हे कळावं म्हणून लेबल लावतात. शहादेवांनी प्रत्येक पोस्टला एकच लेबल लावलं होतं, 'महत्त्वाचे'. फडताळातल्या सगळ्याच डब्यांवर 'साखर' लिहून ठेवावं तसं. आणि लिंक म्हणजे आपल्या पानातून दुसऱ्याच्या पानात उघडणारं दार. असं दार त्यांनी आपल्या भिंतीत कधी पाडलंच नाही.

"दुसऱ्याची गाडी आपल्या माइकवरनं पुकारायची नसती," ते म्हणायचे.

पासवर्ड म्हणजे कुलपाची किल्ली, कुणाला सांगायची नसते. शहादेवांनी ती कुणाला सांगितली नाही. फक्त टाइप करताना एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचे. त्यामुळे कौशल्याबाईंचं नाव आणि पुढं लग्नाचं साल हे कॅफेतल्या सगळ्यांना पाठ होतं.

प्रत्येक पोस्ट सुरू व्हायची 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' अशी. आणि प्रत्येक पोस्ट ते दोनदा टाकायचे, एकाखाली एक, अक्षरही न बदलता. प्रविणनं समजावलं की ब्लॉगवर एकदा पुरतं. शहादेव त्याच्याकडं दयेनं बघून म्हणाले, "घोषणा दोनदाच करायची असती. पहिल्यांदा लोक बोलत असत्यात."

लिहायचे बहुतेक जीपवाल्यांविरुद्ध. स्थानकाच्या तोंडाशी काळ्या-पिवळ्या जीपा लागायच्या, आणि त्यांतला बंकट नावाचा ड्रायव्हर 'मांजरसुंबा, पाटोदा, पाटोदा' असं ओरडून फलाटावरची माणसं उचलून न्यायचा. आत शहादेवांचा माइक, बाहेर बंकटचा गळा. माइकची वीज जायची. बंकटचा गळा कधी गेला नाही. हा राग शहादेवांनी निवृत्तीबरोबर घरी आणला होता.

"वाचून कुणी काही बोलतं का?" कौशल्याबाईंनी एकदा विचारलं.

"खाली कॉमेंट लिवता येती. पण ती आधी माझ्याकडं येती. मी हो म्हणलं तरच छापती."

"मग आल्या का?"

शहादेवांनी कान खाजवला. "येतो एकजण. नाव सांगत न्हाई, अनामिक म्हणून लिवतो. नुसता खोट काढतो. मी त्याला दाबून टाकतो."

यात त्यांना गैर काही वाटत नव्हतं. माइकला समोरून कुणी उत्तर देत नाही. उत्तराची सवय त्यांना लागणार कुठून?

आणि काउंटर होता की. ब्लॉगच्या कोपऱ्यात आकडा असतो, पान उघडलं की एकानं वाढतो. निकालांचे दिवस आले आणि तो आकडा असा सुटला की शहादेवांचे पाय जमिनीला लागेनात. त्यांनी वाचक मेळावा जाहीर केला. येत्या रविवारी दुपारी, घरापुढं मांडव घालून. पोस्टीत लिहिलं, 'सर्व वाचकांना चूलबंद आवतण.' चूलबंद म्हणजे घरातल्या एकानं येऊन भागत नाही; लहानथोर सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. असं आवतण माणूस सोयऱ्याला देतो, भावकीला देतो. शहादेवांनी ते अख्ख्या जगाला दिलं, तेही दोनदा.

"किती माणसाचा सैपाक धरू?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"काउंटर दोन हजाराच्या वर गेलाय."

"काउंटरला पोट असतं का?"

शहादेव मांडव ठरवायला निघून गेले. म्हणून त्या पदर खोचून प्रविणकडं गेल्या. प्रविण आधी हसला, मग कौशल्याबाईंचं तोंड बघून खाली बघू लागला.

"काकू, खरं सांगू? काकांना बरं वाटावं म्हणून मी हितल्या समद्या कॉम्प्युटरवर त्यांचंच पान पहिलं उघडतंय असं करून ठेवलंय. कुणी निकाल बघायला आला, फॉर्म भरायला आला, तरी त्यांच्याच दारातनं जातो."

"आत बसतो का?"

"न्हाई. तसाच पुढं जातो."

"म्हंजे वसरीवरनं गेलेली माणसं तुमी पंगतीत धरली." कौशल्याबाई म्हणाल्या. "आन बाकीचा आकडा?"

"तो काकांचाच. दिवसभर उघडून बघत्यात, वाढला का म्हणून."

घरी येईपर्यंत त्यांनी ठरवलं, सांगायचं नाही. सांगितलं असतं तर माइक दुसऱ्यांदा काढून घेतल्यासारखं झालं असतं, आणि या वेळी घेणारी घरचीच. पण मांडवात एकही वाचक आला नाही, तर सगळ्या गल्लीसमोर तेच होणार होतं. म्हणून त्या छबुबाईपासून सुरुवात करून दारोदार फिरल्या. "रविवारी जेवायला या. आन इचारलं तर म्हणा, वाचलं, आवडलं."

"काय वाचलं म्हणू?" छबुबाईनं विचारलं. तिची शाळा दुसरीतच सुटली होती.

"काहीबी म्हण. पण पुरीत तोंड घालायच्या आधी म्हण."

रविवारी मांडव भरला. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, वरणभात. शहादेवांनी भाड्यानं माइक आणला होता. त्यांनी तो हातात धरला, टिचकी मारली, आणि कौशल्याबाईंना किती तरी महिन्यांनी त्यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसला. भीती त्यांना त्याचीच वाटली.

"वाचकांनी कृपया लक्ष द्यावे," शहादेव दोनदा म्हणाले. "म्हाळूभाऊ, आपल्याला कोणती पोस्ट आवडली?"

म्हाळू म्हणजे छबुबाईचा नवरा. त्यानं बायकोकडं बघितलं. "ती, गाडीची."

"कोणत्या गाडीची?"

"उशिरा आली, तिची."

शहादेव खूश झाले. माइक छबुबाईपुढं गेला. ती म्हणाली, "मला तर समदंच आवडलं, भाऊजी. जरा तिखट हुतं, पण चवदार हुतं."

लोक हसले. शहादेवही हसले, पण अर्धवट. "आणि पाटोद्याच्या गाडीची पोस्ट? ती गाडी त्या दिवशी फलाटावरनं का हलली न्हाई? कुणीबी सांगा."

माणसं ताटाकडं बघू लागली. शहादेवांनी एकेक चेहरा बघितला आणि शेवटी नजर कौशल्याबाईंवर आली. त्या बुंदीच्या परातीवर झाकण नीट बसवत होत्या, झाकण बसलेलं असूनही. शहादेवांनी माइक खाली घेतला. माणसानं डोक्यावरची टोपी काढून घ्यावी, तसा.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि मांडवाच्या तोंडातून आवाज आला, "म्हैस बसली हुती."

बंकट होता. मागं त्याची बायको, आई, सासू, मेव्हणा, पोरंबाळं. जीप पूर्ण भरलेली.

"म्हैस बसली हुती गाडीपुढं," बंकट आत येत म्हणाला. "आन तुमी लिवलंय, माइकवरनं पुकारा केला आन ती उठली. खोटं हाय, साहेब. मी उठवली, शेपूट पिळून. तीच कॉमेंट मी तीनदा लिवली आन तिन्ही टायमाला तुमी दाबली."

शहादेव दोन पावलं पुढं आले. "अनामिक तू हाईस?"

"जीप भरल्याबिगर सुटत न्हाई. तवर बसायला प्रविणच्या पंख्याखाली जातो. पयल्यांदा पंख्यासाठी वाचलं. मग शिव्या मलाच हाईत म्हणल्यावर रोज वाचावं लागलं."

"आन हितं कावून आलास, बे?"

"तुमीच लिवलं ना, चूलबंद. दोनदा लिवलं. आज घरी चूल पेटिवली न्हाई. आमाला वाढणार का परत जाऊ?"

एवढ्या जगातून शहादेवांना एक खराखुरा वाचक मिळाला होता, आणि तो हा. कौशल्याबाई परात घेऊन उठल्या, पण शहादेवांनी ती त्यांच्या हातातून घेतली. बंकटच्या घरच्यांना पहिल्या पंगतीत बसवलं, सासूबाईंना पाट दिला आणि बुंदी स्वतः वाढली. बंकटला जरा कमी वाढली, पण वाढली.

दुसऱ्या दिवशी शहादेव कॅफेतून आले ते गुपचूप ओसरीवर बसले. कौशल्याबाईंनी ताट आणून ठेवलं.

"छापली का त्याची कॉमेंट?"

"छापली. आन म्हशीची पोस्ट दुरुस्त करून नव्यानं टाकली. शेपटासकट."

"दोनदा?"

शहादेवांनी भाकरी मोडली. "एकदाच. बंकट म्हणतो, त्याला एकदा वाचलं तरी कळतं."