खुलताबादला जाऊन आलेली मोटर

आमच्या वडिलांनी जन्मात एकही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय घेतली नव्हती. माठ तर सगळेच वाजवतात; हे गुलमंडीच्या बाजारात स्टीलचा डबासुद्धा दुकानदाराच्या कानाशी नेऊन वाजवायचे. असा माणूस दुष्काळातल्या एका उन्हाळ्यात मोबाइलवर नुसतं चित्र बघून पाण्याची मोटर मागवतो, तीही आईपासून लपवून, यावर माझा विश्वासच बसेना.

उस्मानपुऱ्यात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. शहर चहूकडे वाढत होतं, रोज नवी इमारत उठत होती, आणि नळ मात्र कोरडे होते. दुपारी टँकर यायचा आणि गल्लीत मांडलेले ड्रम भरून जायचा. तिथून पाणी वर चढवायचं काम आईचं. मी त्या वेळी ऑफिसात, आणि वडिलांना हर्नियाच्या ऑपरेशननंतर वजन उचलायची बंदी. आईचे गुडघे बोलायला लागले होते, ती ऐकून घेत नव्हती इतकंच. मोटरीचा विषय निघाला की ‘माझे हातपाय चालतात अजून’ म्हणून उठून जायची. म्हणून वडिलांचा बेत असा, की मोटर तिच्या नकळत घरात आणायची आणि लगेच बसवून टाकायची. आधी कळलं असतं तर तिनं ती दारातूनच परत पाठवली असती.

मला या कटात घेतलं ते पार्सल कुठवर आलं हे बघायला. वडील ऑफिसात फोन करून दबक्या आवाजात विचारायचे, ‘निघालं का?’ शहराजवळच्या बजाजनगरला पोचलंय म्हटल्यावर ते इतके खूश झाले, की त्यांनी दाढी करून घेतली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पार्सल खुलताबादला. आपल्या गावावरून गेलं आणि थांबलं नाही, हे त्यांना फार लागलं. सख्खा मेहुणा परस्पर निघून गेल्यासारखे ते दिवसभर घुश्शात होते. मी म्हटलं, दर्ग्याला जाऊन येईल, चांगलंच आहे. त्यावर त्यांनी फोन ठेवून दिला.

सुट्टीच्या दिवशी ते सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत. मोटारसायकल वाजली की उभे, पुढं गेली की खाली. पोरीला बघायला कुणी येणार आहे का, असं आईनं विचारलं. आम्ही दोघंही गप्प बसलो, तशी तिची खात्रीच पटली आणि तिनं पोहे भिजवले. शेवटी ऊन चढल्यावर वडील अर्धी बादली घेऊन अंघोळीला गेले, आणि नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला. तो आईनं उचलला.

आता आमच्या गल्लीची एक रीत होती. टँकरवाला एकाच घरी फोन करायचा, आणि त्या घरानं सगळ्यांना हाळी द्यायची. त्या आठवड्यात पाळी आमची होती, नंबर वडिलांचा. फोनवरचा माणूस हिंदीत म्हणाला, कमानीपाशी आलोय, पुढं रस्ता खोदलाय, कुठून येऊ? आईनं त्याला मागच्या बाजूनं यायला सांगितलं आणि गॅलरीतून आवाज दिला. मला उमगेपर्यंत अख्खी गल्ली रस्त्यावर होती. ड्रमची झाकणं निघाली, हंडे आले, पाइप आले. आईही कळशी घेऊन खाली.

वळणावरून आली ती मोटारसायकल. मागं एक खोका. एवढी भांडी आपल्या स्वागताला बघून त्या बिचाऱ्यानं गाडी थांबवली आणि भीतभीत वडिलांचं नाव विचारलं. समोरच्या घरातल्या खाला म्हणाल्या, चुलीवर दाल सोडून आलेय, आता जे काय असेल ते इथंच उघडा. त्यांचा शब्द गल्लीत कुणी मोडत नसे. वडील ओल्या डोक्यानं, बनियन उलटं घालून धावत आले तोवर खोका ड्रमच्या झाकणावर उघडला होता.

मोटर बघून आईनं वडिलांकडं पाहिलं. मी घाबरले. सगळ्या गल्लीदेखत ही आता ती परत पाठवणार, असं मला वाटलं.

‘मी पाणी चढवते तेव्हा तुम्ही पेपर वाचत असता,’ ती हळूच म्हणाली. ‘मला वाटायचं, तुम्हाला कळतच नाय.’

वडिलांनी पंच्यानं डोकं पुसलं. गल्लीकडं बघायचं त्यांनी टाळलं.

‘जिन्यात तुझं पाऊल थांबलं, की मला पुढची ओळ वाचता येत नाय.’

आईनं रिकामी कळशी त्यांच्या हातात दिली. त्यांना वजन चालत नाही म्हणून खोका तिनंच उचलला, मलाही हात लावू दिला नाही, आणि जिना चढायला लागली. मध्येच तिचं पाऊल थांबलं. मी पळत वर गेले, तर खोका पायरीवर ठेवून ती पदरानं डोळे पुसत होती.

‘गुडघा दुखायलाय,’ आई म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.