बाटल्या स्वच्छच होत्या

मावशींना एकाच गोष्टीचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. त्यांनी धुतलेली बाटली चाटून बघा, साबणाची चव लागली तर नाव बदलेन, असं त्या येईल त्याला ऐकवायच्या.

मावशी ज्या प्रयोगशाळेत काम करायच्या, तिथे रेशमाच्या कोषातून प्रथिन काढून डोळ्यांची सूज उतरवणारे थेंब करायची खटपट चालली होती. कोष उकळून वरचा चिकटा काढायचा, उरलेला धागा विरघळवायचा, गाळायचा, बाटल्यांत भरायचा. मावशींचं काम बाटल्या धुण्याचं, गेली अकरा वर्षं. त्याआधी माहेरी रेशमाच्या अळ्या पाळण्यात उभं बालपण गेलेलं.

महिन्याभरापूर्वी भरायचं काम पंतोजींकडे आलं. हे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंचे सहायक. ऊठसूट शिकवत बसायचे, म्हणून हे नाव पडलेलं. आणि नेमके तेव्हापासून थेंब गोठायला लागले. भरताना पाण्यासारखे नितळ, दुसऱ्या दिवशी बाटलीत नुसता लगदा! चार खेपा अशाच वाया गेल्या.

"साबण राहतोय," पंतोजींनी निकाल देऊन टाकला. "मावशींना झाडलोटीला लावा. बाटल्या मशीनमध्ये धुऊ."

"परवा ठरवू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. झाडलोट करायला त्यांची ना नव्हती हो, पण अकरा वर्षांच्या कामावर असा शिक्का? दुसऱ्या दिवशी त्या धुतलेल्या बाटल्या घेऊन पंतोजींच्या टेबलाशीच ठाण मांडून बसल्या. पंतोजी बाटली भरत, बूच लावत आणि खळखळ खळखळ हलवत.

"अहो, हे कशाला?"

"सवय आहे. औषध नेहमी हलवून घ्यावं, मावशी."

मावशी ताडकन उठल्या त्या थेट डॉक्टरबाईंच्या खोलीत.

"बाई, अळीच्या पोटात रेशीम पातळ असतं की नाही? तोंडातून काढताना ती सारखी मान हलवते, ओढते, म्हणून त्याचा धागा होतो. मी तासन्‌तास बघत बसायचे. आणि पंतोजी तर बाटलीच घुसळतायत! मग गोठेल नाही तर काय होईल?"

डॉक्टरबाई लगेच उठल्या. मग त्यांनी मावशींनी एकाच पाण्यात धुतलेल्या दोन बाटल्या घेतल्या आणि स्वतः भरल्या. एक पंतोजींनी मनसोक्त हलवली. दुसरीला कुणी बोटही लावलं नाही.

सकाळी पंतोजींची बाटली उलटी धरली तर थेंब पडेना. दुसरीतून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती. मावशींनी पंतोजींकडे असं पाहिलं, की बिचारे कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

"चुकलं माझं, मावशी," ते सगळ्यांदेखत म्हणाले. माणूस मनाचा मोठा, हे कबूल करायला हवं.

त्या दिवसापासून प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लागली: हलवू नये. तिच्याखाली डॉक्टरबाईंनी बारीक अक्षरात लिहिलं, सूचना मावशींची. मावशींनी ती ओळ तीनदा वाचली. मान अशी ताठ झाली, की घरी पोचेपर्यंत खाली आली नाही.

दारातच नवऱ्यानं विचारलं, "काय गं, कसली एवढी खुशी?"

"बाटल्या स्वच्छच होत्या," मावशी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत चहा करायला लागल्या.