गोदामातला एक तास

जोर काढणाऱ्या मुलीच्या छातीखाली ती आपला तळहात उताणा ठेवायची. "हाताले छाती टेकली पाहिजे. आन् वर येताना सोताले नोको उचलू, जमिनीले ढकल." जमीन काही हलायची नाही, पण मुलगी वर यायची.

मोहाडीकडच्या एका धान खरेदी केंद्राचं गोदाम तेव्हा माझ्या ताब्यात होतं. चावी कमरेला आणि रुबाब विचारूच नका. एक दिवस ती सासऱ्यांसोबत आली. तिशीची बाई, डोक्यावर पदर, नजर मात्र गोदामाच्या फरशीवर. बोलले सासरेच. "सूनबाई पोरीयले जिम्नॅस्टिक शिकवीन म्हणते. मैदानावर नाई जमत, लोकं पायतात. चार भिंती असन तं तासभर येऊ देतो."

गोदाम रिकामंच होतं. मी हो म्हटलं.

माहेरचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, त्याआधी ती क्रीडा वसतिगृहात राहून राज्य स्पर्धेपर्यंत पोचली होती, हे मला हळूहळू कळलं. एकदा मी अक्कल गहाण ठेवून विचारलं, "मॅडम, एवढं शिकून घरी कायले बसल्या?"

"बसली कोठी जी? रोज एक तास उभी रायतो ना."

तो तास सकाळी सात ते आठचा. सासरे बाहेर वजनकाट्याजवळ मोटारसायकल लावून बसायचे. माणूस वाईट नव्हता, मला रोज तंबाखू-सुपारीचा खर्रा विचारायचा. पण आठ वाजता हॉर्न वाजला की तिचं वाक्य असेल तिथे थांबायचं. पदर डोक्यावर जायचा आणि चेहरासुद्धा बदलायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, एका तासाची.

सात मुली होत्या, पाचवी ते सातवीतल्या. पहिले पंधरा दिवस तिनं त्यांना जमिनीवर येऊच दिलं नाही. भिंतीला हात लावून जोर. मग पोत्यावर हात ठेवून. मग जमिनीवर गुडघे टेकून, मग गुडघे उचलून. कंबर लोंबली की तो जोर मोजायचाच नाही. आमचा एक हमाल हे बघून हसला. ती एका मुलीला म्हणाली, "काकाच्या छातीखाली हात ठेव वो." दिवसभर पोती वाहणारा तो गडी पाचव्याला धापा टाकत आडवा झाला. पुढे तो हसला नाही, उलट मुलींसाठी फरशी झाडून ठेवू लागला.

दिवाळी झाली आणि धान यायला लागलं. पोत्यांच्या थप्प्या भिंतीपासून पुढे सरकू लागल्या. आधी कोलांट्या बंद झाल्या. "उड्या गेल्या तं गेल्या, जोर तं रायले," ती म्हणाली. थप्पीवर पाय ठेवून जोर सुरू झाले. हात पसरायला जागा उरली नाही तेव्हा हात जवळ, कोपरं अंगाला चिकटून. मुलींना वाटायचं, हा पुढचा धडा आहे. तिचं कसब असं की तो खरोखरच पुढचा धडा असायचा.

भातगिरण्या माल उचलत नव्हत्या आणि धान थांबत नव्हतं. एका सकाळी ती माझ्याकडे आली. "भाऊ, चार हात जागा ठेवा जी. गोदाम भरलं तं माझा तास गेला."

"दुसरी जागा पाहू ना."

"ह्या जागेले हो म्हणायले मामाजीले दोन वर्षं लागले."

मला राहवलं नाही. मी हमालांना थप्पी उंच चढवायला सांगितली, नेहमीपेक्षा चार थर जास्त. जुना हमाल म्हणाला, "साहेब, तोल नाई रायत." मी त्यालाच गप्प केलं. चार हात जागा उरली. मुली खूश, ती खूश, आणि मीही स्वतःवर खूश.

चौथ्या दिवशी साडेसात वाजता दाराजवळची थप्पी ढासळली. दार आतून पोत्यांनी बंद. धुळीचा लोट खिडकीतून बाहेर आला. मी बाहेरून दार ढकलू लागलो. सासरे धावत आले. आतून एक मुलगी रडली, आणि तिच्या मागोमाग खणखणीत आवाज आला, "कोणाले लागलं नाई. भाऊ, सावकाश काढा. चाला वो पोरीयो, तवर जोर. एक!"

हमाल खिडकीतून आत उतरले. पोती निघेपर्यंत आत मोजणी चालूच होती. रडणारी मुलगीसुद्धा मोजू लागली. सुनेचा एवढा मोठा आवाज सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असावा. ते दाराकडे बघत नुसते उभे होते. दार उघडलं तेव्हा ती धुळीनं माखलेली, पदर कमरेला खोचलेला, आणि हसत होती. सासऱ्यांना पाहून तिचं हसू गेलं. ते एवढंच म्हणाले, "चाल."

त्या दिवसानंतर ती गोदामात आली नाही. उन्हाळ्यात ट्रक आले, गोदाम रिकामं झालं. मुली रोज विचारत होत्या, म्हणून मी तिच्या घरी गेलो. सासऱ्यांनी खुर्ची दिली. तिनं चहा आणला आणि दाराशी उभी राहिली.

"गोदाम खाली झालं," मी म्हटलं.

"आमाले भेव वाटते, साहेब," सासरे म्हणाले. "पोत्याखाली सापडली असती तं? एवढी उच्ची थप्पी लावाले कोणी सांगतलं होतं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिचं नाव घेतलं तर दोष तिच्यावर, आणि माझं घेतलं तर माझं गोदाम कायमचं बाद. ती खाली बघत होती.

"माझीच चूक झाली," मी म्हटलं.

"मंग कोणत्या भरवशावर पाठवू? तुमीच सांगा."

तीच दारातून म्हणाली, "नोका सांगू काई, भाऊ. चहा घ्या. थंडा होऊन रायला."