चिपाडाचं पाऊल

आमच्या आतोबांच्या सांगलीच्या घरात एकाही लाकडी वस्तूला धड आयुष्य लाभलं नाही. पाटांचे कोपरे तासलेले, देव्हाऱ्याची मागची फळी निम्मीच, आणि पाहुण्यानं दाराशी ठेवलेली काठी निघताना तेवढीच लांब असेल याची खात्री नाही. कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत, पण जीव सगळा लिग्निनमध्ये. झाडाच्या अंगातले धागे एकमेकांना धरून ठेवणारा हा पदार्थ. तो नसता तर वडाचं झाड मेथीच्या जुडीसारखं लोळलं असतं, असं ते हळदीच्या व्यापाऱ्यालाही सांगत आणि सांत्वनाला आलेल्यालाही. लाकूड दिसलं की हुंगायचं, जमलं तर जिभेला लावायचं. माझ्या लग्नाच्या बोलणीला त्यांना नेलं, तर मुलीकडच्या माजघरातला खांब खरवडून त्यांनी भर बैठकीत जाहीर केलं, "हा साग नव्हे. रंग दिलाय." ती सोयरीक तिथंच मोडली.

परसात गुऱ्हाळावरून आणलेली उसाची चिपाडं कॉस्टिक सोड्यात शिजत. काळं पाणी सुटे, त्यात आम्ल ओतलं की तपकिरी गाळ बसे. तो वाळवायचा, त्यात चिंध्या आणि कसली कसली औषधं मिसळून तापत्या साच्यात दाबायचा. त्यातून बटणं निघत, बशा निघत, कधी नुसतेच गोळे निघत. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे परदेशी माल येईनासा झाला होता, आणि आतोबांची खात्री होती की उद्या सगळा देश चिपाडाच्या वस्तू वापरील. कॉलेजातले लोक हसत. आत्या हसत नसे, कारण धूर तिच्या स्वयंपाकघरात शिरे.

एकदा मी उंब्रजहून, आत्याच्या माहेरगावाहून, आमच्या शेजारच्या हवालदारांना घेऊन सांगलीच्या गुळाच्या बाजारात गेलो होतो. आफ्रिकेच्या लढाईत त्यांचा पाय गुडघ्याखाली गेलेला. लष्करी दवाखान्यानं लाकडी पाय दिला होता, पण उसाच्या चिखलात त्याचं पाऊल पाणी पिऊन फुगे, जड होई, आणि वर मांडीला घट्टे पडत. दुपारी आत्याकडे जेवून हवालदार लाकडी पाय सोडून ठेवून ओसरीवर आडवे झाले. मलाही डोळा लागला. उग्र वासानं जाग आली तर पाय भिंतीशी होता, पण घोट्यापासून खाली काही नव्हतं. मी परसात धावलो. आतोबा पातेलं ढवळत होते.

"कुजलं होतं ते," मान वर न करता ते म्हणाले. "आत कितपत, ते बघतोय."

गावात काय तोंड दाखवू? आत्या पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकली. हवालदार लंगडी घालत, खांब धरत मागच्या दारापर्यंत आले आणि त्यांनी पातेल्याकडे पाहिलं.

"पयला पाय दुश्मनानं नेला," ते म्हणाले, "दुसरा गावच्या जावयानं."

आतोबांनी न फुगणारं पाऊल करून द्यायचं कबूल केलं. तोवर हवालदार कुबडी घेऊन तिथंच राहिले. पहिलं पाऊल उंबऱ्यावर दुभंगलं. दुसऱ्याला असा वास होता की कुत्री मागं लागत. त्यानंतरचं बांधून हवालदार कृष्णेच्या गाळात उतरले, पलीकडे जाऊन परत आले आणि तसेच उंब्रजला निघून गेले.

पुढं पुण्याहून त्यांना चकचकीत सरकारी पाय मिळाला. तो बांधून ते माझ्याबरोबर सांगलीला आले. एव्हाना लढाई संपून बाजारात रंगीबेरंगी परदेशी बटणं ढिगानं आली होती, आणि आतोबांच्या परसातली चूल बहुतेक थंडच असे. नव्या पायाकडे त्यांनी नीट पाहिलं, चांगला आहे म्हणाले. पण चेहरा उतरला, तो मला दिसला.

"ह्यो गावाला जायला," हवालदार म्हणाले. "उसात त्योच बांदतो, तुमचा. सारा पावसाळा काडला त्येच्यावर."

"भिजतो?"

"भिजतो की. पर फुगत न्हाई."

आतोबा खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसले. इतकी वर्षं तेच लोकांना ऐकवत आले होते. कुणी त्यांना काही ऐकवल्याचं मला आठवत नाही.

"परत एकदा सांगा," ते हळूच म्हणाले.

हवालदारांनी सांगितलं. आत्या चहा घेऊन दारातच थांबली होती. तिनं तो पुढं केला नाही, ऐकत उभी राहिली.