फुकट बसणारा सहावा सिलिंडर

आमचं स्पेअर पार्टचं दुकान लातूरला औसा रोडवर आणि समोरच हमीदभाईंचं गॅरेज. पार्ट विकले की संपतात, किस्से मात्र साठत जातात आणि त्यांना रॅकसुद्धा लागत नाही. अजूनही बेअरिंग न्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं, "अप्पा, ते सरांच्या गाडीचं काय झालं हो?" म्हणून एकदा सगळंच सांगून टाकतो.

सर म्हणजे कांबळे सर. फिजिक्सचे क्लास घ्यायचे. भूकंपाला सात-आठ वर्षं झाली होती आणि लातुरात क्लास इतके वाढले होते, की लोक घराचा पत्तासुद्धा "केमिस्ट्रीच्या वर, बायोलॉजीच्या मागं" असा सांगायचे.

एक दिवस सरांनी नांदेडच्या भंगारवाल्याकडून एक जुनी विलायती गाडी टेम्पोत घालून आणली. लांबलचक बोनेट, मागं माणूस आडवा होईल एवढी जागा. कंपनीच्या नावाची अक्षरं गळून गेलेली, नुसती भोकं उरलेली. हमीदभाईंनी बोनेट उघडलं, आत बघितलं आणि परत बंद केलं.

"सर, हे इंजिन न्हाई. ही रेल्वे हाय."

सहा सिलिंडर, एका रांगेत! आमच्या रस्त्यावर पेट्रोल गाडीत चारच्या पुढं कुणी मोजलेलंच नव्हतं. मी आपला दुकानदाराच्या सवयीनं म्हणालो, "काढून टाका की हे. डिझेल बसवा."

सर बोनेटवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "अप्पा, भूकंपात माझी माय ढिगाऱ्याखाली होती. निलंग्याच्या एका डॉक्टरांनी तिला अशाच गाडीतून लातूरला आणलं. मी इथं खोली करून बारावीला होतो. दवाखान्याच्या गेटवर गाडी बघितली, तेवढीच. पुढं डॉक्टर वारले, गाडी विकली गेली. ही तीच असंल, तर इंजिन बदलायचं न्हाई. त्या दिवशी माय हिच्यात आडवी पडून आली. एकदा तिला हिच्यात बसवून गावाकडं न्यायचंय."

डिझेलचा विषय मी परत काढला नाही.

*

पण "असंल तर" हे मोठंच लचांड होतं. भंगारवाल्याकडं अशा दोन गाड्या आल्या होत्या. एक डॉक्टरांची, दुसरी धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्याची. त्यातली एक त्यानं कापून विकली. कोणती, ते त्याला आठवत नव्हतं.

हमीदभाई म्हणाले, "सोपं हाय. मिरची लपत नसती." आणि त्यांनी मागच्या सीटमध्ये तोंड खुपसून दम घेतला. जोरात शिंकले. मग सर शिंकले. मग मी. आता ती शिंक मिरचीची का धुळीची, यावर चहा होईपर्यंत चर्चा झाली. शेवटी हमीदभाईंनी खात्रीसाठी शेजारच्या रिक्षाची सीट हुंगली आणि तिथंही शिंकले. तपास तिथंच थांबला.

*

मग गाडी चालू करून बघायचं ठरलं. दोन बॅटऱ्या लावल्या, पेट्रोल पाजलं आणि गाडी खोकत खोकत चालू झाली. कुठला सिलिंडर काम करतो ते बघायची हमीदभाईंची पद्धत साधी. चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर काढायची. इंजिन लडखडलं तर तो सिलिंडर कामाचा.

पहिली काढली, लडखडलं. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, तसंच. पार मागं, डॅशबोर्डच्या पत्र्याखाली लपलेली सहावी काढली. इंजिनाला काही फरकच नाही.

"सर, हा सहावा कायच करून न्हाई राहिला. नुसता फुकट बसून येतो."

"असू द्या," सर म्हणाले. "माझ्या प्रत्येक बॅचला असतो एक."

*

पिस्टनच्या नव्या रिंगा मागवायच्या तर इंजिन कोणतं ते कळायला पाहिजे आणि त्यासाठी नंबर पाहिजे. नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. पण तिथं दर दसऱ्याला हळदीकुंकू वाहून वाहून, वर तेल बसून, चांगला बोटभर थर झालेला. हमीदभाईंनी तारेचा ब्रश घेतला आणि परत ठेवला.

"हे देवाचं हाय. मी ब्रश मारणार न्हाई. उद्या काय झालं तर म्हणतील, हमीदनं खरडलं. सर, तुम्ही मारा."

सर म्हणाले, "मी मारला तर म्हणतील, कांबळे मुद्दाम करून राहिले."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, इंजिनाला नमस्कार केला आणि रॉकेल लावलं. आत चार रंगांचं कुंकू निघालं, एक तांदूळ निघाला आणि मग नंबर निघाला. विलायती पार्ट विकणाऱ्या मुंबईच्या एका पार्टीला फोनवर तो वाचून दाखवला. ते म्हणाले, "इंजिन गाडीचं मूळचंच आहे. रिंगा मिळतील, व्हॉल्व्ह मिळतील. हेड गॅस्केट विसरा."

मूळचं आहे म्हटल्यावर सरांनी सगळ्यांना भजी सांगितली. मूळचं, पण कुणाचं? हा प्रश्न त्या भज्यांसमोर कुणी काढला नाही.

*

गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण यांच्यामधला भोकांचा पत्रा, नांदेडला हातानं कापून देणारे एक उस्ताद होते. त्यांना इंजिनाचा छाप पाहिजे होता. छाप घ्यायला मोठा, जाड कागद लागतो. सरांच्या क्लासचं पोस्टर होतं, 'आमचे गुणवंत'. सहा मुलांचे फोटो, एका रांगेत. हमीदभाईंनी ते इंजिनावर पसरलं आणि कडेकडेनं हातोडीनं ठोकून सहा गोल भोकं पाडली. बरोबर सहा चेहऱ्यांच्या जागी!

उस्तादांनी गॅस्केट झकास केलं आणि काम आवडलं म्हणून छाप दुकानात टांगून ठेवला. पंधरवड्यानं एक नांदेडचे पालक पोराला घेऊन सरांकडं आले.

"ॲडमिशन पायजे," ते म्हणाले. "जाहिरात बघितली. आमच्या पोराचं तोंड तेवढं त्या भोकात बसंल असं करा."

*

गाडी सरांच्या डोक्यात इतकी बसली होती, की एकदा वर्गात शिकवता शिकवता त्यांनी फळ्यावर सहा सिलिंडरचा फायरिंग ऑर्डर लिहिला. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. इंजिन हलू नये म्हणून ठिणगी या क्रमानं पडते, असं समजावलं. सगळ्या वर्गानं तो उतरवून घेतला. मागून आवाज आला, "सर, आयएमपी आहे का?"

सर गाडीच्याच नादात म्हणाले, "लई आयएमपी."

झालं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या क्लासनं त्याच्या झेरॉक्स काढल्या. तिसऱ्या क्लासनं त्यावर टेस्ट घेतली. चौथ्या क्लासच्या एका पालकांनी येऊन भांडण काढलं, की आमच्या पोराला हा धडा शिकवलाच नाही. परीक्षेला यातलं अक्षरही आलं नाही. तरी पुढच्या वर्षीच्या झेरॉक्समध्ये तो ऑर्डर होता आणि खाली लिहिलं होतं, 'यंदा हमखास'.

*

मग आला उन्हाळा आणि लातूरला नळाची वाट बघायचे दिवस. गाडीचा रेडिएटर एवढा, की घागरभर पाणी प्यायचा आणि गळायचाही. एकदा हमीदभाईंची बायको गॅरेजमध्ये आली, गाडीसमोर रिकामी कळशी ठेवली आणि म्हणाली, "हिलाच घरी आणा. मी इथं राहते."

त्या आठवड्यात रेडिएटर नवा बसला.

*

हळूहळू सगळंच नवं बसलं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नवा कार्बोरेटर, नव्या रिंगा. सर याला अपग्रेड म्हणायचे, हमीदभाई हौस म्हणायचे. सहाव्याचा जळका व्हॉल्व्ह बदलून त्यांनी त्यालाही कामाला लावलं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. गाडी इतकी मऊ झाली, की चालू आहे हे न कळून सरांनी तिला दोनदा परत स्टार्टर मारला.

मग सरांनी आईला आणलं. नवी कोरी पांढरी साडी नेसून, काठी टेकत आली. मागचं दार उघडलं, आम्ही दोघांनी हात दिला. ती ताठ बसली. सरांनी गाडी चालू केली आणि वळून बघत राहिले.

आईचे हात सीटवर, डोळे मिटलेले. मग म्हणाली, "लई भारी गाडी हाय, अन्या. पर ही ती न्हाई."

सरांचा चेहरा बघवेना. "नीट बघ की माय. सीट बघ, छत बघ."

"काय बघू? डोळ्यात माती होती माझ्या. नुसता आवाज ऐकत आले मी. त्या गाडीचा मधीच एक ठोका खाली जायचा. दर बारीला वाटायचं, झालं, थांबली. की परत उचलायची. मी म्हणायची, ही चालून राहिली तर मी बी राहते. ही कुठं तशी हाय?"

हमीदभाई पुढं गेले. बोनेट उचललं, पार आत वाकले आणि मघापर्यंत ज्याच्यावर एवढा जीव होता, त्या सहाव्या सिलिंडरची वायर उपसून काढली.

गाडी हादरली. लडखडली. एक ठोका खाली गेला, परत उचलली.

आईनं डोळे उघडले आणि सीटवर दोनदा थोपटलं.

"हाव," ती म्हणाली. "चल आता. पोचतो आपण."

सरांनी तशीच गाडी काढली. हमीदभाई वायर हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते.