क्षमेचा तिसरा भाग

फादर सत्काराचे नारळ खाऊन टाकत. ते वसईचे, आम्ही बीडचे. आमच्याकडे भाजीत दाण्याचा कूट पडतो. नारळ देवापुढे फोडायचा नाहीतर पाहुण्याच्या हातात ठेवायचा. फादर मात्र तो खवून कालवण करायचे आणि मला जेवायला बोलवायचे. "या सर, आज अध्यक्षांचा नारळ आहे. जरा खवट निघालाय."

नारळांना तोटा नव्हता. विद्यापीठाच्या उपकेंद्रात आमचं ख्रिस्ती अध्ययन मंडळ होतं. दर महिन्याला कॅथलिक विचारावर एक व्याख्यान. वक्ते फादर, म्हणून दर वेळी शाल-नारळ त्यांनाही; सूत्रसंचालन माझ्याकडे. मी तिथं मराठी शिकवायचो.

"क्षमेचे तीन भाग आहेत," अशी फादरांची सुरुवात ठरलेली. तिसरा भाग कुणीच ऐकला नव्हता. आधी अध्यक्षांचा सत्कार, मग पाहुण्यांचा, माईकवाल्याचा, कडा गावाहून मुद्दाम आलेल्या कुणाचा तरी. एक नाव राहिलं तर माणूस रुसतो आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत रुसलेला राहतो. त्यामुळे फादर उभे राहायचे तेव्हा चहा आलेला असायचा. तलवाड्याचे आबा आमचे कायमचे अध्यक्ष. खांद्यावर शाल पडली की त्यांचा सगळा जीव घरी निघण्यात असायचा. दुसऱ्या भागाशी ते हटकून म्हणायचे, "फादर, लई मोलाचं बोलले. आता आटपा, चहा गार व्हायलाय." आबा उठले की सभागृह उठायचं.

नावं पुकारायचो मी, म्हणून पाप माझंच, असं मला वाटे. तसं मला कशाचंही वाटतं. बायकोच्या कडू भाजीला चांगली म्हटलं, वर्गात जांभई दिली, हे सगळं मी फादरांना जाऊन सांगायचो. ते शांतपणे ऐकून घेत. एकदा म्हणाले, "सर, तुम्ही बाप्तिस्मासुद्धा घेतलेला नाही. इतकं वाईट वाटून घ्यायची परवानगी आमच्यातही नसते."

मग त्यांची बदली झाली. शेवटच्या व्याख्यानाआधी त्यांनी एवढंच मागितलं, "एकदा मला तिसऱ्या भागापर्यंत पोचू द्या." मी शब्द दिला आणि तलवाड्याला जाऊन आबांना म्हटलं, या वेळी सत्कार नकोत. आबा गंभीर झाले. "सत्काराबिगर कार्यक्रम? सर, माणूस मेल्यावर बी हार घालतेत."

मी तोंड पाडून परत आलो. फादरांनी कालवण ढवळत विचार केला. "करू की सत्कार. आलेल्या प्रत्येकाचा करू. पण शेवटी."

त्या दिवशी मी तसं जाहीर केलं आणि कुणीच जागचं हललं नाही. चहा आला, गार झाला, साय धरून बसला. मध्येच आबांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "शाल नक्की हाय ना?"

"पहिला भाग, चूक कबूल करायची," फादर म्हणाले. "दुसरा, माफी मागायची. तिसरा सगळ्यांत अवघड." इथं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माफ झालं की विषय सोडायचा. परत परत उकरायचा नाही. घरी जाऊन जेवायचं."

मग त्यांनी ट्रंक उघडली. आजवर आम्ही त्यांना पांघरवलेल्या सगळ्या शाली आत घड्या घालून ठेवलेल्या. एकेकाच्या खांद्यावर त्या परत गेल्या. आबांनी आपल्या शालीचा काठ चाचपला आणि शेजाऱ्याला म्हणाले, "ही तं मीच दिलती बे." मग फादरांकडे वळले. "आन् नारळ?"

"नारळ खाल्ले, आबा. क्षमा असावी."

आबांनी बराच विचार केला. "मग जेवायला तरी बोलवायचं होतं."

दुसऱ्या दिवशी बसस्थानकावर मला राहवलं नाही. म्हटलं, फादर, इतकी वर्षं मीच नावं पुकारत राहिलो, तुमची भाषणं माझ्यामुळंच...

खिडकीतून फादर म्हणाले, "सर, जेवलात का?"

गाडी गेली. मी घरी जाऊन पोटभर जेवलो. बायकोपुरती भाकरी उरली नाही, हे हात धुताना लक्षात आलं. मी कबूल केलं, माफी मागितली, तिनं माफ केलं. त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही. आत्ता लिहिला तेवढाच.